दोन घरांमधली फुलझाडं

वडवणीत आमचं घर आणि ताईंचं घर यांच्यामध्ये भिंत नव्हती, नुसती मातीची एक अरुंद पट्टी होती. ताई म्हणजे सख्खी बहीण नव्हे, शेजारीण. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात आई आजारी होती, तेव्हा शेक-शेगडी ताईंनीच केली. तेव्हापासून त्या ताई.

गेल्या पावसाळ्यात त्याच म्हणाल्या, "ह्या पट्टीत फुलझाडं लावू गं. लई भकास दिसतंय."

बीड रस्त्यावरच्या नर्सरीत आम्ही दोघी गेलो. मी कामिनीचं लहानसं रोप उचललं होतं, ते त्यांनी खाली ठेवायला लावलं. "हे कधी वाढायचं? रंग पाहिजे, रंग! रस्त्यावरनं दिसला पाहिजे." नर्सरीवाल्याला त्या प्रत्येक झाडापाशी एकच विचारत होत्या, "दिवाळीपस्तोर फुलंल का?" शेवटी लाल जास्वंद, पिवळी टिकोमा आणि शेंदरी एक्झोरा घेतली, सगळी मोठ्या पिशवीतली. गुलाबी कण्हेर माझ्या हट्टानं आली. आमच्या गल्लीतून शेळ्यांचे कळप जातात, आणि कण्हेरीला शेळी तोंड लावत नाही.

ताईंचे गुडघे दुखायचे, म्हणून खड्डे मी खणले. शेणखत माहेराहून, शिरूर कासारहून आणवलं. नळाला पाणी नसेल तेव्हा भाज्या धुतलेलं पाणी बादलीत साठवून घातलं. दिवाळीच्या आधीच पट्टी रंगांनी भरली. एका सकाळी मी एक्झोराचे वाळके गुच्छ खुडत होते, तर ताई मोबाइल घेऊन रस्त्यापलीकडे उभ्या. "जरा बाजूला सरक गं, फोटू काढते." मी सरकले. मला वाटलं, पुण्याला लेकीला पाठवायचा असेल.

संक्रांतीनंतर एक जोडपं त्या पट्टीपाशी येऊन थांबलं. ताई बाजाराला गेल्या होत्या, म्हणून मी बाहेर आले. बाई टिकोमाला हात लावून नवऱ्याला म्हणाली, "फोटूत होती तशीच हायेत की."

"कसला फोटो?" मी विचारलं.

त्या माणसानं मोबाइल पुढे केला. ताईंचं घर, बाजूला माझी झाडं, आणि कडेला माझं कोपर, हिरव्या बांगड्यांसकट. खाली लिहिलेलं होतं, घर विकणे आहे.

"आता इसार झाला आमचा," तो सांगू लागला. "दुसरीबी घरं बघितली होती, पण हिला ही फुलं लई आवडली."

ताई परतल्या तोवर ते दोघं गेले होते. मी ओट्यावरच बसून होते.

"घर विकलं?"

त्यांनी भाजीची पिशवी खाली ठेवली. "लेकीकडं जायचंय. तिच्या बाळाला बघायला कुणी न्हाई."

"जा की. मला कावून सांगितलं न्हाई?"

"सांगणारच होते."

"कधी?"

त्यांनी पिशवीतली मेथी काढून ओट्यावर ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "आधी सांगितलं असतं, तर तू एवढ्या जिवानं झाडं लावली नसतीस."

त्या खोटं बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मग मी भांडले असते. मी उठून आत आले आणि उगाच डबे पुसत बसले.

यजमान म्हणाले, "उपटून टाक सगळं." माझ्यानं ते झालं नाही. सामानाचा टेम्पो आला त्या दिवशी मी ताईंची ओटी भरली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आलं नाही, याचं मलाच नवल वाटलं.

नवे लोक चांगले आहेत. बाई देवासाठी जास्वंद तोडते, मी काही म्हणत नाही. आता मध्ये भिंत घालायचं त्यांच्या मनात आहे. त्यालाही मी हो म्हटलं.

ताईंचा फोन येतो. नातू पावलं टाकायला लागलाय, तिकडं चौथ्या मजल्यावर ऊन येत नाही, असं सांगतात. मी ऐकते, हं हं म्हणते. माझ्या धाकटीची सोयरीक जुळत आली आहे. पाहुणे दोनदा येऊन गेले, मुलगा सगळ्यांना पसंत आहे. पूर्वी असं काही असलं, की यजमानांच्याही आधी ते ताईंना कळायचं. परवा फोनवर त्यांनी विचारलं, "आनि काय नवीन?"

"काही न्हाई," मी म्हटलं. "ऊन लई हाय."