भाऊबीजेला लावलेला नवा भाग

दरवर्षी भाऊबीजेला भाऊ माझ्याकडे मारेगावला यायचा. यंदा मीच ढाणकीला गेले. उन्हाळ्यात त्याला लकवा मारला, उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला, 'हो'. डॉक्टर म्हणाले, त्याला समजतं सगळं, पण ओठांवर तेवढंच येतं. जन्मभर माझ्याशी भांडलेला माणूस, आणि त्याच्या तोंडी काय ठेवलं, तर 'हो'. देवाला काही अक्कल आहे की नाही?

आम्ही दोघं शाळेत असल्यापासून बंदुकीच्या एकाच व्हिडिओ गेमचे नवनवे भाग खेळत आलो. लग्नं झाली, केस पिकले, तरी ओवाळून झालं की एक कंट्रोलर त्याचा, एक माझा. घरचे हसायचे, हसू देत.

जुने भाग म्हणजे नुसते बोळ. एक दार उघडलं की पुढचा बोळ. लांब डोंगर दिसायचा, पण तिकडे वळलं की न दिसणाऱ्या भिंतीवर नाक आपटायचं. शेवटी शेवटी तोही कंटाळला होता. "तेच ते दळून राह्यले," गेम बनवणाऱ्यांवर चिडून म्हणायचा, "ह्याईले म्हना, रान मोकळं करा एकदा." नवा भाग तसाच मोकळ्या रानाचा येणार हे कळल्यावर आजारी पडायच्या आधीच त्यानं तो मागवून ठेवला होता.

मी ओवाळलं. भावजयीनं त्याला उशा लावून बसवलं आणि मी गेम सुरू केला. बंदूक तीच, गोळ्या भरतानाचा खटका तोच, पण समोर अख्खं खोरं पसरलेलं. जीप घ्या नाहीतर पायी जा, शत्रूच्या कोणत्या ठाण्यावर आधी चाल करायची ती तुमची मर्जी. एक ठाणं पेटवलं तर धूर पाहून दुसऱ्यातले सावध होतात. मरायला टेकलेली मालिका त्यांनी पार ताजी करून ठेवली होती. खोटं कशाला बोलू, गेम भारी होता. त्याचाच मला राग आला, त्याचा हात गेल्यावर आला म्हणून.

"कुठी जाऊ रे? नदीकडे?"

"हो."

नदीवर पोचले तर त्यानं मान फिरवली. चुकलं की तो तेवढंच करू शकतो, तेच त्याचं 'नाही'.

"मंग डोंगरावर?"

"हो."

डोंगर चढले, तर पुन्हा तोंड भिंतीकडे. जीप? हो. पुलावरचं ठाणं? हो. आणि दरवेळी मान तिकडे. जुन्या बोळांत मी त्याला बरोबर नेलं असतं, तिथं रस्ताच एक होता. इथं चहूकडे वाटा, आणि त्याला कुठं जायचंय ते मला कळेना. तो घामानं भिजला, डाव्या मुठीत चादर गच्च धरली.

"तुले काय पाह्यजे, सांग ना बाप्पा."

"हो."

मी त्याच्यासमोर कधी रडले नव्हते. त्या दिवशी रडले. कंट्रोलर बाजूला ठेवून त्याचा तो लुळा हात मांडीवर घेतला.

"बरा होशील ना रे? माह्यासंग भांडशील ना पुन्हा?"

"हो," तो म्हणाला, आणि त्यानं मान फिरवली.