साडभाऊचे चौकीदार

आमच्या भंडारा जिल्ह्यात कोनी शेतावर जीव लावते, कोनी बैलावर, एखादा बायकोवर बी लावत असन. पन स्वतःच्या आतड्यावर जीव लावनारा मानूस मी एकच पाहिला, तो म्हंजे माहा मोठा साडभाऊ. त्यायची बायको अन् माही बायको सख्ख्या बहिनी. सासऱ्यानं एका पोरीले हुशार नवरा पाहून देल्ला, अन् दुसरीच्या वेळी बुढा थकला असन.

साडभाऊ नागपूरच्या एका दवाखान्यात काचा धूत. दुर्बिणीखाली ठेवतेत त्या काचा. डॉक्टर लोकं पोरायले शिकवत अन् हे बाजूले फडकं घेऊन उभे. पोरं पास होऊन निघून जात, हे तिथंच उभ्या उभ्या सगळं शिकले. रिटायर होऊन आमच्या गावी, दिघोरीले आले, धान लावलं, पन धानाच्या बांधीतल्या चिखलात उभे राहून बी आतडंच सांगत. "हा दोन वावरांच्या मधातला धुरा पाहून राहिला? आतड्याचं अस्तर असंच. इकडं आपन, तिकडं दुनिया. पन धुरा हातभर रुंद, अन् ते अस्तर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ! त्याच्यावर शेंबडावानी बुळबुळीत लेप, लेपात चांगल्या जंतूंची वस्ती, अन् खाली चौकीदार, रोगाशी लढनाऱ्या पेशी. आता सांग, आंगातले सगळ्यात जास्त चौकीदार कुठं बसतेत?"

मी म्हनलो, "डोक्यात."

ते म्हने, "तुह्या डोक्यात चोरायले काय भेटन?"

पंगतीत त्यायच्या बाजूले बसनं म्हंजे उपाशी उठनं. मी पडलो हावरा. तूप पडाच्या आत माहा पहिला घास नरड्याखाली. ते गपकन हात धरत. "अबे दमानं! घासातलं काय काय आलं, त्याचा नमुना आत चौकीवर दाखवा लागते. ते पाहतेत, पाहुना हाय का चोर. चोराले चिकटून बसतेत, अस्तराले हात लावू देत नाईत. पाहुन्याले येऊ देतेत. मारनं कोनालेही येते बाबू, येऊ देनं शिका लागते." वाढनारा बादली घेऊन उभा, मागची पंगत ताटकळून राहिली, हे सांगतच. एका लग्नात नवरदेवाचा बाप हात जोडून आला, "भाऊ, आतडं मंग सांगा, आधी भात घ्या."

एका वर्षी मले जुलाब लागले. डॉक्टरकडे कायले जा लागते म्हून मी मेडिकलवाल्याले म्हनलो, जंतू मारनारी सगळ्यात जहाल गोळी दे. खाल्ल्या, तं जुलाब दुप्पट. साडभाऊ आले, रिकामं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं, अन् त्यायच्या डोळ्यात पानी. मले वाटलं, माह्यासाठी. ते म्हने, "बिचारे जंतू! जन्मापासून तुह्या पोटात राहून चौकीदारायले कामं शिकवली, अन् तुनं अख्खी वस्ती पेटवून देल्ली!" मले डॉक्टरकडे नेलं, अन् मंग आठ दिवस रोज सकाळी ताक-भात घेऊन हजर. मी जेवाले बसलो की हे माह्या पोटाकडे पाहून म्हनत, "या, बसा." मले नाई, जंतूंले.

मंग दोन वर्साआधी त्यायचंच पोट बिघडलं. रगत पडाले लागलं. एवढा भरलेला मानूस, शर्ट नुसता खुंटीवर टांगल्यावानी दिसे. नागपूरले दुर्बीण टाकून पाहिलं, तं चौकीदारच फिरले होते. आपल्याच अस्तराले चोर समजून बडवून राहिले होते. डॉक्टरनं चौकीदारायले शांत करनाऱ्या गोळ्या लिहून देल्या. अन् साडभाऊ अडले. "जिंदगीभर ज्यायचे गुन गायले, त्यायलेच गुंगी देऊ? नाई होत माह्याच्यानं." डॉक्टरनं साफ सांगतलं, गोळ्या नाई घेतल्या तं आतडं कापा लागन, जिवाचा बी भरोसा नाई.

साडभाऊची बायको मले म्हने, "तुमी सांगून पाहा जी."

"बाई, माहं कोन ऐकते?"

"म्हूनच म्हनते. शहाने सगळे सांगून थकले."

भर दुपारी गेलो. ते खाटेवर पडून. मले बाकी इल्म नाई, आपली फजिती तेवढी सांगता येते. म्हनलो, "साडभाऊ, मी वरठीकडे राईस मिलवर चौकीदार होतो ना, तिथली एक गोष्ट तुमाले नाई सांगतली. जोडीदार काम सोडून गेला, चार दिवस मी एकलाच जागलो. पाचव्या दिवशी सेठची माय डबा घेऊन फाटकातून आली. मले दिसला चोर. काठी घेऊन धावलो. म्हातारी पळाली, कोंड्याच्या ढिगात आडवी."

साडभाऊ उठून बसले. "मंग? हाकललं का सेठनं?"

"मले बी वाटलं हाकलते. त्यानं माह्या हातातली काठी घेतली फक्त. म्हने, तू खराब नाईस, जागून जागून भनकला. जाय, झोप. आठ दिवस झोपलो. मंग तीन वर्सं तेच फाटक राखलं."

"खरं का हे?"

"माह्या इज्जतीची कसम."

"तुले इज्जत कुठं हाय बे?"

"नाई म्हून तं सांगून राहिलो."

साडभाऊ खाटेवरून पाय खाली सोडून बसले. मंग हात पुढं केला. मी गोळी ठेवली, पानी देल्लं. त्यायनं गोळी गिळली, पोटावर हात ठेवला अन् लेकराशी बोलावं तसं म्हनले, "झोपा बापहो. लय जागले."

मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर काई नव्हतं.

आता ते नागपूरले पोरीकडे राहतेत, डॉक्टर जवळ पडते म्हून. वजन पुरतं नाई आलं, आवाज बी बारीक झाला. माह्या पोटाले इकडं कोनी इचारत नाई. परवा त्यायचा फोन आला. तब्येतीचं बोलनं झालं, धानाचं झालं, अन् मंग एकदम म्हने, "काहून रे, ते सेठची माय मंग तुह्यासंग बोलली का?"

म्हनलो, "बोलली ना. दोन-तीन महिने फाटकाच्या बाहेरूनच डबा देई. मंग आत येऊन बसाले लागली. शेवटी शेवटी तं माह्यासाठी बी दोन भाकरी आने."

 

मंग हळूच म्हने, "आमच्या चौकीवर बी जमून राहिलं बाबू. धीरे धीरे."