राणी थांबली

शेंगा भाजल्याचा वास आला की मी किकवीच्या आमच्या रानात जाऊन पोचते. पुण्याच्या भावाने आमच्याकडे सोडलेली लांब कानांची स्पॅनियल कुत्री, राणी, तेव्हा ऐन तारुण्यात होती. पाखरू दिसलं की सुटायची, आणि रानाला लागूनच हायवे. मी रोज हात वर करून "थांब!" म्हणायचे, थांबली की शेंगदाणा द्यायचे. जवळून ऐकायची, लांबून मात्र नाही.

"ती काय ऐकती व्हय? बांधून घाल," सासूबाई म्हणायच्या.

एका सकाळी टिटवी उडाली आणि राणी तिच्यामागे थेट हायवेकडे धावली. समोरून ट्रक येत होता. मी हात वर करून जीव खाऊन ओरडले, "राणी, थांब!"

ओल्या गवतात घसरत ती थांबली आणि वळून माझ्याकडे बघत राहिली. ट्रक निघून गेला. मी धावत जाऊन तिला कवटाळलं.

मागून धापा टाकत सासूबाई आल्या. राणीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "लई गुणाची गं बाय माझी!"

तेव्हा मला माझ्या शिकवण्याचाच अभिमान वाटला होता. आता डोळ्यांपुढे येतात त्या काट्याकुट्यातून अनवाणी धावत आलेल्या सासूबाई.