झरीमाय अन् झुंबरबाईचा कटोरा

माही सासू झुंबरबाई रोज सकाळी तलावाच्या पाळीवर फिराले जाये. बाकीच्या बाया देवळात जात, ही बाई पाळीवर. हातात इळा अन् कमरेले पदर खोचलेला. पाळीवर बाभळीचं रोप दिसलं का उपटलं, घुशीचं बीळ दिसलं का माती कोंबून टाचेनं ठेचलं. सांडव्यातून जादा पाणी निंगून जाते, तिथी कोणी मासोळ्यासाठी दगड आडवे लावले का दगड फेकले अन् लावणाऱ्याच्या सात पिढ्याईचा उद्धार केला. मी लग्न होऊन आली तवा मले वाटलं, बुढी तलावाची चौकीदार असंन. तसं काही नव्हतं. तिले कोणी सांगतलंही नव्हतं.

"आत्याबाई, गावात एवढे मरद हायेत, तुम्हालेच काऊन पडली?" म्या एक डाव इचारलं.

"मरद पाळीवर बसून बिड्या ओढतात," ती म्हणे. "पाळीखाली मळा आपला हाय."

तलाव तसा लहानच. मोठ्या दुष्काळात लोकाईले काम म्हणून बांधला होता. निसती मातीची पाळ, मधात काळी चिकण माती. पण त्याच्या जिवावर खालच्या विहिरी चैत-वैशाखात भरलेल्या राहत, ढोरं पाण्याले लागत, अन् आमचे वांगे पिंपळगाव राजाच्या बाजारात भाव खाऊन जात. आजूबाजूच्या गावाईत उन्हाळ्यात बाया कोस कोस हिंडत, अन् आमच्या इथी सांभार-कोथिंबीर हिरवीगार. पाळ हाय तं गाव हाय, हे बुढीचं रोजचं भजन होतं. मले ते ऐकून ऐकून कंटाळा आला होता.

आता माही चूक सांगते, कारण ती म्याच केली, दुसऱ्या कोणी नाही.

माह्या लग्नाले नऊ वर्सं झाले होते अन् घरात मले कोणी काही इचारत नव्हतं. भाजीत मीठ किती टाकाचं तेही बुढीच सांगे. त्या साली सावनात मी पाळीच्या पायथ्याशी गवत कापाले गेली. तिथी दोन दगडाईच्या मधातून पाणी येऊन राह्यलं होतं. थंडगार, काचेसारखं साफ. बाजूले एक गोल गोटा होता. मले काय वाटलं कोण जाणे, म्या त्या गोट्याले कुंकू लावलं अन् हात जोडले. बस, एवढंच. पण ते आमच्या शेजारच्या विमलबाईनं पाह्यलं. तिच्या हाताले खरूज होती. तिनं त्या पाण्यानं हात धुतले अन् आठ दिवसात खरूज गेली. तसा ती लिंबाचा पालाही लावत होती, पण लिंबाले कोण इचारते!

पंधरा दिवसात गोट्याले शेंदूर लागला, झेंडा लागला, नारळ फुटाले लागले. नाव पडलं झरीमाय. अन् झरीमाय कोणाले सापडली? सत्यभामेले, म्हणजे मले. ज्या बाया विहिरीवर मले पुढं होऊ देत नव्हत्या, त्या इचारत, "सत्यभामाबाई, मंगळवारी यावं का शुक्रवारी?" मी तोंड गंभीर करून म्हणो, "मंगळवारी." मले काय माहीत होतं, कपाळ?

बुढी एक दिवस आली. तिनं हात जोडले नाहीत. उकिडवी बसली, पाणी चाखलं, मंग वर पाळीकडं पाहत राह्यली. दुसऱ्या दिवशी घरातला पांढरा चिनी कटोरा घेऊन आली. कटोरा भरला, दगडावर ठेवला, घडीभर बसली, अन् पाणी हळूच वतून बुड पाह्यलं. मंग रोज तेच. लोक हासत, म्हणत, बुढी देवीची परीक्षा घेऊन राह्यली.

"पाणी साफ हाय तोवर भेव नाही," ती म्हणे, अन् कटोरा पदराखाली घालून निंगून जाये.

पोळ्याच्या आधी दोन दिवस पावसाची झड लागली. तलाव काठोकाठ भरला, सांडवा वाहाले लागला. अन् झऱ्याच्या पाण्यासंगं बारीक पिवळी माती याले लागली. लोकाईले तं आनंदच झाला. देवी अंगारा देऊन राह्यली म्हणे. लोक ती माती कपाळाले लावत, लेकराच्या पोटाले लावत. म्या केळीच्या पानाच्या पुड्या बांधून वाटल्या. विमलबाईनं एक पुडी खामगावले भावाले धाडली.

त्या संध्याकाळी बुढीनं कटोरा माह्यापुढं ठेवला. बुडाशी बोटभर गाळ बसला होता.

"हे पाळीच्या पोटातली माती हाय, सते," ती म्हणे. "आपण पाळ पुड्या बांधून वाटून राह्यलो."

माहं डोकं फिरलं. "माहं चांगलं झालेलं तुम्हाले पाहवत नाही," म्या तोंडावर म्हटलं. बुढी उलटून बोलली नाही. ती उलटून बोलली नाही असा नऊ वर्सात तो पहिलाच दिवस. ती उठून भगवानराव पाटलाकडं गेली.

पाटील माणूस भला, पण देवीलेही भेये अन् पुरालेही भेये. तो म्हणे, अर्ज करू, अर्ज बुलढाण्याले जाईन, तिथून नागपूरले जाईन, दिवाळीपर्यंत साहेब येईन पाहाले.

"साहेब दिवाळीले येईन, पाळ परवा जाईन," बुढी म्हणे. "मी उद्या सगळ्याईच्या पुढं वरून गुलाल सोडते. पाणी साफ राह्यलं तं देवी खरी, मी सुनेच्या पाया पडीन. लाल आलं तं पाळ फुटून राह्यली. मंग मी सांगीन तसं कराचं."

दुसऱ्या दिवशी सारं गाव जमा झालं. तलावाच्या आंगानं पाळीजवळ एका जागी पाण्यावर कुटाराच्या, भुशाच्या काड्या गिरक्या घेत होत्या. पाणी आत ओढून घेणारी ती जागा बुढीनं आधीच हेरून ठेवली होती. माह्या मालकाच्या, म्हणजे बुढीच्या लेकाच्या, कमरेले दोर बांधून त्याले पाण्यात उतरवलं अन् दोन घागरी गुलालाचं पाणी तिथी वतलं. मी खाली झऱ्याशी बसली होती, पुजारीण म्हणून. मनात एकच, माय, साफ राहाय. बुढी माह्या पाया पडून राह्यली हे मले डोळ्यापुढं दिसत होतं, अन् लय गोड वाटत होतं.

दोन भजनं झाले. तिसरं झालं. काही नाही.

"झालं बाप्पा, नारळ फोडा," विमलबाई म्हणे. लोक हासाले लागले.

म्या पाणी शिंपडाले ओंजळ भरली. बोटाच्या मधात एक गुलाबी तार होती, सुतासारखी. माही पाठ लोकाईकडं होती, ते कोणालेच दिसलं नव्हतं. पायानं जरा गाळ ढवळला असता तं निभून गेलं असतं. खोटं काऊन बोलू, पाय म्या उचललाही होता. पण मालक दोर बांधून वर पाण्यात होता. खाली आमचा मळा, विमलबाईचं घर, चौदा घरं. अन् तो कटोरा काही केल्या डोळ्यापुढून हलेना.

मी उठून उभी राह्यली. "लाल आलं," म्हटलं. हासण्यात कोणी आयकलं नाही. मंग जोरानं म्हटलं, "लाल आलं. हे देवीचं पाणी नाही, तलावाचं हाय. मी चुकली."

मंग जे पळापळ झाली ते काय सांगू. दोघं-चौघं चिखलाचे गोळे घेऊन झऱ्याचं तोंड बुजवाले धावले. बुढी मधात आडवी झाली.

"तोंड दाबू नोका. कोंडलं तं दुसरीकडून पाळ फाडंन. पाणी जाऊ द्या, माती थांबवा."

झऱ्यावर आधी रेती टाकली, तिच्यावर बजरी, तिच्यावर दगड. वरून भोवऱ्यात काळ्या मातीचे पोते अन् गवताच्या पेंढ्या सोडल्या. सांडवा दोन हात खाली कापला, तसा तलाव उतराले लागला. पाटलानं डोक्यावर टोपले वाहिले. विमलबाईनं त्याच बऱ्या झालेल्या हातानं टोपले वाहिले. संध्याकाळी बुढीनं कटोरा भरला, वतला अन् बुड पाह्यलं. बुड पांढरं होतं.

गोटा आम्ही वाजतगाजत वरच्या लिंबाखाली नेला. विमलबाई आजही म्हणते का देवीनं वेळेवर सांगतलं म्हणून गाव वाचलं. तिच्याशी कोण भांडंन?

वैशाखात पाणी आटल्यावर पाळ तेवढ्या जागी खोदली. पोटात बाभळीचं जुनं खोड निंगालं, सडून पोकळ झालेलं. त्याच्यातूनच पाण्यानं वाट काढली होती. सारे जेवाले गेले, पण बुढी त्या खोडापाशी बसून राह्यली. मी भाकर घेऊन गेली.

"हे मले माहीत होतं," ती म्हणे. "मी बारा वर्साची होती, मायसंगं याच पाळीच्या मातीकामावर. हे खोड नाल्यात, पाळीच्या जागी, तसंच राह्यलं होतं. मुकादमाले घाई होती. म्या पाह्यलं, पण बोलली नाही. बोलली असती तं मले अन् मायले कामावरून काढलं असतं, अन् घरात दाणा नव्हता. म्या माहंच टोपलं त्याच्यावर रिकामं केलं. पस्तीस वर्सं झाले, सते. रोज सकाळी मले तेच आठवते."

तिच्यावर नऊ वर्साचा राग होता माहा, तो कुठी गेला कोण जाणे. म्या भाकर तिच्यापुढं ठेवली.

"मी तवा गप राह्यली," ती म्हणे. "तू नाही राह्यली."

अन् ती माह्या पायाकडं वाकली. मी घाबरून मांगं सरकली. पण बुढी पाया पडत नव्हती. तिनं खाली ठेवलेला कटोरा उचलला, पदरानं पुसला अन् माह्या हातात देल्ला.

"उद्यापासून लवकर उठत जाय," ती म्हणे.