पानातली सुकेळी

दोन हजार सालानंतर कधीतरी आमच्या तुळिंजच्या घरात सकाळचा नाश्ता खोक्यातून यायला लागला. सेंद्रिय ओट्स, मध, सुकामेवा. वर दूध ओतलं की काम झालं. आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरीला, डबे करायचे, मुलाला शाळेत सोडायचं. पोहे परतत बसायला वेळ होता कुणाला? शिवाय खोक्यावर ‘रसायनमुक्त’ लिहिलेलं, त्यामुळे मनालाही बरं वाटे. खोक्याच्या आत चकचकीत पिशवी, पिशवीत पुन्हा सुक्यामेव्याची वेगळी पुडी. एवढ्या कचऱ्यात निसर्ग कुठे बसवलाय, असा प्रश्न मला पडायचा आणि घाईत विरून जायचा.

माझे बाबा वसईच्या वाडीत एकटे राहायचे. थंडीत राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, संध्याकाळी आत घ्यायची, सकाळी पुन्हा बाहेर मांडायची. मऊ, मधाळ सुकेळी झाली की केळीच्याच सुक्या पानात घट्ट बांधून ठेवायची. शेणखतावर वाढलेल्या त्या केळीला सेंद्रिय म्हणायचं आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. लहानपणी आमची सकाळ त्यावरच व्हायची. पण एका थंडीत बाबा ती घेऊन आमच्याकडे आले, तेव्हा माझ्या मुलाने ती तपकिरी पुडी पाहिली आणि नाक मुरडलं, “आजोबा, हे कचऱ्यासारखं दिसतं.”

बाबा हसले. जाताना आमच्याकडच्या खोक्यांतल्या रिकाम्या पिशव्या मागून घेऊन गेले. बियाणं ठेवायला असतील, असं मला वाटलं.

होळीनंतर आले ते त्याच पिशव्या घेऊन. धुऊन-पुसून आत सुकेळी भरलेली, तोंडं मेणबत्तीवर चिकटवलेली, वर रंगीत कागदाची पट्टीसुद्धा!

“आता दुकानातल्यासारखं दिसतंय की नाय?” त्यांनी नातवाला विचारलं.

तो खरंच हरखला. धावत जाऊन कात्री आणली आणि पिशवी स्वतः कापली.

आंबूस वास घरभर पसरला. सुकेळ्यांवर पांढरी बुरशी चढली होती. पानातून हवा खेळते, प्लास्टिकात ओल कोंडते, हे केळीत जन्म काढलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण नातवाने एकदा तरी आवडीने खावं, एवढ्या हौसेपायी ते त्याकडे कानाडोळा करून बसले. मुलगा नाक दाबून आत पळाला. बाबांचा पडलेला चेहरा मला बघवेना.

“बाबा, घरी पानातली एखादी पुडी उरलीय का?”

“नाय गं. सगळी यातच भरली.”

पिशव्या रिकाम्या करून त्यांनी मोरीत स्वच्छ धुतल्या आणि आमच्या दोरीवर वाळत घातल्या. मी नको नको म्हणत राहिले.

पुढच्या थंडीत त्यांनी केळी सोललीच नाहीत. मी वाडीत गेले तेव्हा अंगण मोकळंच होतं. मला फार वाईट वाटलं. का नाही केली, म्हणून विचारलं, तर म्हणाले, “तुमचं ते खोकं बरं आहे. पोरगा खातो ना?”

मी हो म्हटलं. तो खातच होता.