खजुरीतल्या दोघी बहिणी
स्पिरिटचा वास आला की खजुरीतलं पत्र्याचं तापलेलं घर आठवतं. मुलांची वाढ खुंटवणाऱ्या आनुवंशिक आजारावर पीएचडी करताना, रक्ताचे नमुने घेत गावोगाव फिरून मी पार थकले होते. त्या घरातली विशीतली थोरली दिसायला शाळकरी पोरीएवढीच. सुई निघताच तिनं विचारलं, "अक्का, आता उंच व्हईन का मी?" खोटं बोलायचं त्राण नव्हतं. "नाही गं, तुझं वाढायचं वय सरलं." ती उठून आत गेली. मग धाकट्या बहिणीला ओढून आणत म्हणाली, "हिचं हाय न्हवं अजून? मग थांबलाव कामून? घ्या की हिचं रक्त." धाकटीवर वेळेत उपचार झाले. परवा दोघी तपासणीला आल्या, तेव्हा नव्या नर्सनं धाकटीला विचारलं, "ही तुझी लहान बहीण का?" तिच्याआधी थोरलीच हसून म्हणाली, "व्हय."