एकच कुकारो

आमच्या घरात पाण्याला कुणी भीत नाही. बाबा मालवणला होडीवर जातात, आई मासळी विकते, आणि दोन्हीकडच्या घराण्यांत पदवी घेतलेली पहिली मी. हे मी कुठेही सांगते, कुणी विचारलं नाही तरी. पण रानाला मी भिते. आणि नेमकी मी उभी राहिले वनरक्षकाच्या भरतीला.

लेखी परीक्षेची काळजी नव्हती, धावण्याची होती. आधी किनाऱ्यावर धावून पाहिलं, तर वाळूत पोटऱ्या भरून यायच्या आणि जाळी साफ करत बसलेले लोक विचारायचे, "कोण पाठी लागलो गो?" शेवटी सावंतवाडीच्या बाजूला मावशीकडे राहायला गेले. तिच्या घरामागच्या डोंगरावर वनखात्याचं निसर्ग उद्यान आहे. नाव उद्यान, पण फाटकाजवळचा बाक आणि पाटी सोडली तर सगळं रानच. वाटेवरच्या दगडांवर रंगाचे बाण काढलेत. पांढरे बाण फाटकाच्या आसपास फिरवून आणतात. पिवळे माथ्यापर्यंत चढवतात आणि देवराईच्या कडेने खाली उतरवतात. दम वाढायला हवा म्हणून मी पिवळी वाट धरली.

मावशी काजूच्या कारखान्यात जाते. कामावर जाण्याआधी ती माझ्याबरोबर फाटकापर्यंत यायची आणि मी उतरेपर्यंत तिथे थांबायची. पहिल्याच दिवशी माझे नवे बूट बघून म्हणाली, "काय गो, कॉलेज शिकलंस ता गव्यावांगडा शर्यत लावूक?"

मी हसले नाही. त्या डोंगरावर गवे उतरतात, हे मला आदल्या रात्रीच कळलं होतं.

मग तिने नेम घालून दिला. नाव न घेता 'कूऽऽ' असा लांब सूर काढून हाक मारतात, त्याला आमच्याकडे कुकारो म्हणतात. मी उतरायला लागले असेन, असं वाटलं की ती खालून तीन कुकारे घालणार. मी तीन घालून उत्तर द्यायचं. नाही दिलं तर ती वर येणार.

"आणि ऐक. रानात येकच कुकारो ऐकलंस तर ओ देव नको, फुडे जाव नको. माणूस तीनदा घालता. येकदा घालता तो माणूस नसता."

"मावशी, मी बीएस्सी आसंय."

"आसशीत. त्येका काय सर्टिफिकेट दाखवतलंस?"

असे बरेच दिवस गेले. मी रोज धावायचे आणि रोज भ्यायचे. वाळक्या पानांवर माझ्याच पावलांचा आवाज मागून आल्यासारखा वाटायचा. करवंदाच्या जाळीत काही खसफसलं की मी वाटेच्या दुसऱ्या कडेला उडी मारायचे. माथ्यावर पोचून दम खायलाही मी थांबत नसे. माझा वेग वाढला तो सरावाने थोडा, भीतीने जास्त.

त्या सकाळी धुकं होतं. इतकं की पुढचा पिवळा बाण दिसेपर्यंत मागचा नाहीसा झालेला असायचा. मी माथ्यावरून वळले, उतार धरला, आणि देवराईजवळच्या वळणावर मला आधी वास आला. गोठ्यासारखा, पण उग्र. पाय आपोआप थांबले. नंतर फुस्स आवाज झाला, मोठ्या ट्रकचा ब्रेक सुटतो तसा. वाटेच्या मधोमध गवा उभा होता. एकटा नर. पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, वर सगळा काळा. मी त्याच्यापासून एखाद्या अंगणाएवढी लांब असेन. तो माझ्याकडे बघत होता.

मी हलले नाही. हलायचं ठरवलं असतं तरी हलता आलं नसतं.

तेवढ्यात खालून मावशीचा कुकारो आला. मग दुसरा, मग तिसरा. गव्याचे कान फिरले. मी तोंडावर हात दाबून धरला. उत्तर दिलं तर तो माझ्यावर येणार. नाही दिलं तर ती वर येणार, याच वाटेने, याच वळणावर, आणि धुक्यात तो तिला दिसणार नाही. तिने पुन्हा तीन घातले. मी हात काढला नाही.

मग खालून नुसता आवाज येऊ लागला. ती चढत होती आणि चढता चढता मला शिव्या घालत होती.

"खंय मेलंस गो? ओ देव्क काय जाता? शिरा पडो तुझ्या त्या भरतीर."

आवाज जवळ येत होता. गव्याने माझ्याकडे पाठ फिरवली आणि डोकं खाली घातलं, तिच्या बाजूला. ओरडून तिला थांबवावं, तर माझी किंकाळी ऐकून ती थांबली नसती, धावत आली असती. मला ती माहीत आहे.

मी हात काढला आणि कुकारो घातला. एकच.

खालचा आवाज बंद झाला. मधेच तुटल्यासारखा.

गवा गर्रकन माझ्याकडे वळला. त्याचे डोळे मला अजून दिसतात, त्याबद्दल मी फार काही सांगत नाही. मी डोळे मिटले. मग झाडी मोडल्याचा आवाज झाला, जमीन हादरली, आणि मी डोळे उघडले तेव्हा वाट रिकामी होती. आवाज उताराकडे चालला होता. मावशीच्या बाजूला.

तेव्हा मी धावले. कशी ते ठाऊक नाही, बाण एकही पाहिला नाही.

ती खाली वाटेवर एका ऐनाच्या झाडाला पाठ लावून उभी होती. हात जोडलेले, डोळे मिटलेले, देवराईच्या राखणदार देवाला पुटपुटत काहीतरी गाऱ्हाणं घालत. बाजूच्या झाडीत मोडलेल्या फांद्या लोंबत होत्या. मी "मावशी" म्हटलं. तिने डोळे उघडले आणि मला बघून मागे सरकली.

"थंयच रव," ती म्हणाली. "कुकारो घाल. तीनदा."

"मावशी, मी..."

"घाल."

छातीत श्वास नव्हता. मी तीन घातले, तिसरा तर फाटलाच. तेव्हा ती पुढे आली, आणि काजूच्या चिकाने काळ्या पडलेल्या बोटांनी माझं तोंड, खांदे, हात चाचपू लागली.

"येकच इलो गो," ती म्हणाली. "माका वाटला, तू गेलंस."

तिला थांबवायचं एवढंच माझ्या डोक्यात होतं. ती ते कसं ऐकेल, याचा विचार मी केला नव्हता.

आम्ही हात धरून उतरू लागलो. फाटक दिसायच्या आत वरून, डोंगरातून, एक कुकारो आला. बहुतेक माझाच, कड्यावर आपटून उशिरा परतलेला. प्रतिध्वनी कसा होतो ते मी शिकले आहे. इतका उशिरा येत नाही, हेही शिकले आहे.

मावशीने माझा हात दाबला. आम्ही दोघींनीही ओ दिली नाही.